सात मिनिटांचा हिशेब



हाफ मॅरेथॉन म्हणजे जवळजवळ २१.१ किलोमीटर. मागच्या वर्षी मला २ तास ५२ मिनिटे लागली. यंदा २ तास ४५ मिनिटांत संपवायची आहे, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटे ४९ सेकंद. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कसला हा मान कषाय?" मला नाही पटलं. यात हरवायचं कुणालाच नाही, माझ्याच जुन्या आकड्यातून सात मिनिटे वजा करायची.

पण परवा सामायिकाला बसले आणि ४८ मिनिटे डोक्यात त्या सेकंदांचाच हिशेब! तिथे जाऊबाईंचं खरं निघालं. आता सामायिकाआधी मनगटावरचं घड्याळ कपाटात जातं. धावणं मात्र सोडणार नाही.

आणि हो, एनर्जी जेलच्या पाकिटावरचं नीट वाचा, काहींत मध असतो. मी खिशात खजूरच ठेवते.