आधी काय वाचलं होतंत, ते सांगा

लांबलचक फँटसी मालिकेच्या पूर्वकथेबद्दल वाचकांची मतं चाळायला बसलात, तर ही माणसं एकाच पुस्तकाबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. रॉबर्ट जॉर्डनच्या 'न्यू स्प्रिंग'चंच घ्या. एक जण म्हणतो, अख्ख्या 'व्हील ऑफ टाइम'मधलं हे सगळ्यात आटोपशीर पुस्तक. दुसरा म्हणतो, वाचकांच्या खिशात हात घालायचा धंदा आहे नुसता. तिसरी सांगते, इतकी नावं, इतके पंथ, इतके नियम, डोकं भणभणलं, पन्नास पानांत ठेवून दिलं. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. पुस्तक त्यांच्या हातात वेगवेगळ्या वेळी पडलं, एवढंच.

म्हणून तुम्हाला सांगायचं आहे ते असं. पूर्वकथेबद्दल कुणाचंही मत वाचाल तेव्हा तारे किती दिले ते नंतर बघा. त्या माणसाने त्याआधी काय वाचलं होतं आणि पुस्तक कुठल्या साली हातात घेतलं होतं, ते आधी शोधा. आणि स्वतः मत द्याल तेव्हा हीच माहिती पहिल्या ओळीत द्या. बाकी मग मनसोक्त शिव्या घाला नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनचे जेम्स ऑलिव्हर रिग्नी हे रॉबर्ट जॉर्डन या नावाने लिहायचे. व्हिएतनाम युद्धात लढून आलेले, नंतर पदार्थविज्ञान शिकलेले. मालिकेचा पहिला खंड 'द आय ऑफ द वर्ल्ड' १९९० साली आला. मुख्य खंड १४ आणि शब्द ४० लाखांहून जास्त, असा हा पसारा. गोष्ट सुरू होते एका आडबाजूच्या खेड्यातल्या पोरांपासून. जादू करणाऱ्या बायांच्या संघातली मॉयरेन नावाची एक बाई आणि तिचा रक्षक लॅन त्या गावात येतात आणि पोरांच्या आयुष्याची घडी विस्कटते. 'न्यू स्प्रिंग' ही त्याच्या वीस वर्षं आधीची गोष्ट. मॉयरेन तेव्हा शिकाऊ आहे, लॅन युद्धावर आहे आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही.

आता खिशात हात घातला म्हणणाऱ्याच्या रागाचं बघू. 'न्यू स्प्रिंग' मुळात एक लघुकादंबरी होती. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेल्या 'लेजंड्स' या १९९८ च्या संग्रहात ती आली आणि तेव्हा तिच्यावर कुणाचा राग नव्हता. संग्रहातली एक गोष्ट, वाचली, आवडली, झालं. पुढे जॉर्डननी ती वाढवून कादंबरी केली आणि ती जानेवारी २००४ मध्ये बाजारात आली. घोडं पेंड खातं ते इथे. त्याच्या बरोबर वर्षभर आधी मालिकेचा दहावा खंड आला होता. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्यात पात्रं आपापल्या ठिकाणाहून त्या घटनेची चाहूल घेत बसतात आणि शेकडो पानं उलटली तरी गोष्ट जागची हलत नाही. मालिकेवर जीव टाकणारे वाचकसुद्धा या खंडाची बाजू घेताना अडखळतात. अशा अवस्थेत पुढचं काय म्हणून वाट बघणाऱ्या माणसाच्या हातात लेखकाने ठेवलं काय, तर वीस वर्षांपूर्वीचं! अकरावा खंड यायला ऑक्टोबर २००५ उजाडला. तेव्हाच्या वाचकाने चडफडत एक तारा दिला असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

पण तुम्ही आज पुस्तक घेत असाल तर त्या एका ताऱ्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ ला गेले. त्यांनी ठेवलेल्या टिपणांवरून आणि लिहून ठेवलेल्या भागांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड पूर्ण केले आणि जानेवारी २०१३ मध्ये मालिका संपली. आज वाचणाऱ्याला दहाव्या खंडानंतर अकरावा उघडायला तेवढंच अंतर आहे, जेवढं कपाटाच्या एका फळीवर असतं. जॉर्डनना आणखी दोन पूर्वकथा लिहायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या. आता काही जुने वाचक म्हणतात, तो वेळ मुख्य गोष्टीला दिला असता तर बरं झालं असतं. काही म्हणतात, निदान ही एक तरी पदरात पडली. दोन्ही म्हणण्यांत वाट पाहण्याचा शीण आहे. पुस्तक चांगलं की वाईट हे त्यावरून कळत नाही.

नवख्याची अडचण याच्या नेमकी उलटी. ऑनलाइन याद्यांमध्ये 'न्यू स्प्रिंग'ला शून्य क्रमांक देऊन सगळ्यात वर बसवलेलं असतं. शून्य एकाच्या आधी येतो, तेव्हा हेच आधी वाचायचं असा समज होणं अगदी साहजिक आहे. त्यात ते सगळ्या खंडांमध्ये बारीक, साधारण साडेतीनशे पानांचं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर अशा मालिकांचा सलग संच कुठला मिळायला, सुटे खंड मिळतात. जाडजूड खंड बघून बिचकलेला माणूस म्हणतो, हे छोटं घेऊन बघू, जमलं तर पुढचे आणू. कृपा करून असं करू नका. फुटपाथवर 'न्यू स्प्रिंग' स्वस्तात दिसलं तर जरूर उचला, पण घरी नेऊन ठेवून द्या.

कारण सांगतो. पहिल्या खंडात मॉयरेन गावात येते आणि पोरांच्या हातावर एकेक चांदीचं नाणं ठेवते. का ठेवते? पोरांना कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. ही बाई तारणारी की गळा कापणारी, हा संशय पुढे शेकडो पानं पुरतो, कारण आपण तिला पोरांच्या नजरेतून बघत असतो. 'न्यू स्प्रिंग'मध्ये आपण थेट तिच्या मनात बसलेलो असतो. तिला काय हवंय, ती कुणाला भिते, कुणावर विश्वास टाकते, सगळं उघडं. ते वाचून पहिल्या खंडाकडे वळलात तर नाण्यातला धाक गेलाच म्हणून समजा. दुसऱ्या खंडात तर याहून मोठं नुकसान आहे. तिथे मॉयरेनच्या संघाची प्रमुख लवाजम्यासह एका किल्ल्यात येते, सगळे दडपणाखाली असतात, मॉयरेनची झाडाझडती होणार अशी हवा तयार होते, मग दोघींच्या मागे दार बंद होतं. बंद दाराआड काय होतं ते मी सांगणार नाही. पूर्वकथा आधी वाचलेल्याला ते सांगायची गरजही उरत नाही, आणि दुखणं तेच आहे.

उलट बाजूनेही बघा. 'न्यू स्प्रिंग'मध्ये पहिल्याच भेटीत लॅन मॉयरेनला तळ्यात फेकून देतो. मालिका वाचून झालेल्याला इथे हसू आवरत नाही, कारण त्याला माहीत असलेला लॅन म्हणजे दगडी चेहऱ्याचा, मोजून शब्द खर्च करणारा, या बाईसाठी जीव ओवाळून टाकणारा माणूस. नवख्याला मात्र दिसतो कोण कुठला आडदांड गडी आणि भिजलेली एक बाई. ओळ तीच, पान तेच. मग एकाने 'धमाल प्रसंग' म्हणावं आणि दुसऱ्याने 'उगाच पोरकटपणा' म्हणावं यात नवल ते काय?

माझं स्वतःचं मत विचाराल तर, दहा खंड वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या दृष्टीने, पुस्तकाचा पूर्वार्ध फार छान आहे. मॉयरेन आणि तिची मैत्रीण स्वान, एक राजघराण्यातली आणि एक कोळ्याची पोर, दोघी शिकाऊ. एका भविष्यवाणीनंतर दोघींसह सगळ्या शिकाऊ मुलींना कडाक्याच्या थंडीत शहराबाहेरच्या छावण्यांमध्ये पाठवतात. काम काय, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळांची नावं लिहून आणायची. जगाचा तारणहार शोधायची मोहीम अशी कारकुनी कामातून सुरू होते: बायांची रांग, बाळाचं नाव, आईबापांचं नाव, जन्माची वेळ, पुढची. इतर फँटसीवाले इथे आकाशात वीज चमकवतील, जॉर्डन बोटांना शाई लावतात. दीक्षेच्या आधीची परीक्षाही अशीच अंगावर येते. शंभर जादुई विणी ठरलेल्या क्रमाने विणायच्या, भोवती काहीही घडलं तरी चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. हा परीक्षेचा भाग पहिल्या दहा खंडांत इतक्या जवळून आलेला नाही. त्यासाठीच ही पूर्वकथा आहे असं मला वाटतं. शिंपिणीच्या दुकानातले कापडाचे रंग आणि गळ्यांचे आकार थोडे कमी असते तरी चाललं असतं. उत्तरार्धात, मूळ लघुकादंबरीचा भाग लागला की गोष्ट घाईला येते आणि शेवट उरकल्यासारखा होतो. ही तक्रार कितव्या खंडानंतर वाचलं यावर फारशी अवलंबून नाही, म्हणून ती गंभीरपणे घ्या.

मग वाचायचं कधी? जसं प्रसिद्ध झालं तसं, म्हणजे दहाव्या खंडानंतर. पाचव्या खंडानंतर वाचावं असं सांगणारेही आहेत आणि त्याला चांगलं कारण आहे, पण ते कारण सांगितलं तर पाचव्या खंडाचं वाटोळं होईल. माझा कल दहाव्याकडे, कारण सातव्या खंडात कॅडस्वेन नावाची एक खडूस म्हातारी प्रवेश करते आणि पूर्वकथेत तिची तरुणांना दरडावण्याची तऱ्हा ओळखीची वाटली की मजा दुप्पट होते.

हा वाद एकट्या जॉर्डनपुरता नाही. सी. एस. लुइस यांच्या नार्नियामध्ये 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ साली, सात पुस्तकांपैकी सहाव्या क्रमाने आलं. गोष्ट मात्र नार्नियाच्या जन्माची. १९९४ नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांवर त्याला पहिला क्रमांक दिलेला आहे. खुद्द लुइसनी १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाने वाचण्याला पसंती दिली होती, आणि क्रमाला फार महत्त्व नसावं असंही त्याच पत्रात म्हटलं होतं. मला लेखकाचं पटत नाही. १९५० च्या पहिल्या पुस्तकात कपाटातून शिरलेल्या मुलीला बर्फाच्या जंगलात मधोमध रस्त्यावरचा दिव्याचा खांब दिसतो, हा त्या पुस्तकाचा प्राण. खांब तिथे कुणी रोवला ते आधीच वाचलेलं असेल, तर तो नुसता खांब उरतो. घरातल्या पोरांना नार्निया देणार असाल तर पुठ्ठ्यावरचा आकडा न बघता आतलं प्रकाशनाचं साल बघून क्रम लावा.

प्रत्येक पूर्वकथेला हा नियम लावू नका मात्र. ज्या 'लेजंड्स'मध्ये 'न्यू स्प्रिंग' आली त्यातच जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'द हेज नाइट' आली होती. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या काळाच्या सुमारे नव्वद वर्षं आधीची ही गोष्ट, एक फाटका सरदार आणि त्याच्या मागे लागलेलं एक टकलू पोरगं. मुख्य मालिकेतलं रहस्य त्यात फुटत नाही आणि माणसंही नवी. ती खुशाल आधी वाचा, ज्यांना मोठे खंड झेपतील की नाही याची शंका आहे त्यांनी तर आधीच वाचा. तेव्हा विकत घेण्याआधी एवढंच विचारा: या पूर्वकथेतली मुख्य माणसं मोठ्या मालिकेत पुन्हा भेटणार आहेत का? भेटणार असतील तर थांबा. इथेही मतांमध्ये जुना राग मिसळलेला सापडेल. मार्टिन यांच्या मुख्य मालिकेचा पाचवा खंड २०११ चा. सहाव्याची वाट बघणाऱ्यांना २०१८ साली मिळालं 'फायर अँड ब्लड', म्हणजे त्या जगाचा जुना इतिहास. त्या पुस्तकावरची कित्येक मतं पुस्तकावर नाहीतच, न आलेल्या खंडावर आहेत.

शेवटी, पडद्यावरून या मालिकेकडे आलेल्यांसाठी. 'व्हील ऑफ टाइम'वरची प्राइम व्हिडिओची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन सीझननंतर बंद पडली. तिने मॉयरेनला पहिल्या भागापासून मध्यभागी आणलं आणि दुसऱ्या खंडातलं ते बंद दार पहिल्याच सीझनमध्ये उघडून टाकलं. तुम्ही ते बघून आला असाल तर वर सांगितलेली निम्मी सावधगिरी तुमच्यासाठी संपली आहे. तरीही सुरुवात 'द आय ऑफ द वर्ल्ड'पासूनच करा, कारण पुस्तकातला पहिला खंड पोरांचा आहे आणि त्यांची नजर पडद्यावर तुम्हाला मिळालेली नाही. पुढे 'न्यू स्प्रिंग'वर चार ओळी लिहाल, तेव्हा मालिका आधी बघितली होती, हेही त्यात लिहा.