देव बोलतो, पण कोणाशी?

१९७६ साली बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांची आणि पडताळून पाहता येतील अशा अंधश्रद्धांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अमेरिकेत अणुविज्ञान शिकून आलेला, खादी वापरणारा, नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत राहणारा हा अविवाहित गांधीवादी. त्यांनी सत्यसाईबाबांना पत्रे लिहिली: विभूती काढता ती आमच्यासमोर, आमच्या अटींवर काढून दाखवा. पत्रांना उत्तर मिळाले नाही. बाबांनी एका मुलाखतीत भूमिका मांडली ती अशी, की विज्ञानाने इंद्रियांच्या कक्षेत राहावे, अध्यात्म त्याच्या पलीकडचे आहे.

हा बचाव टिकत नाही. विभूती डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, कपाळाला लावता येते. जी वस्तू इंद्रियांच्या साक्षीने भक्ताला पटवली जाते, तिची परीक्षा मात्र इंद्रियांनी करू नये, असे म्हणता येत नाही. देवाने खूण पाठवली असा दावा चारचौघांत केला, की ती खूण चारचौघांनी तपासायची असते. नरसिंहय्यांचे एवढे म्हणणे निर्विवाद आहे आणि आजही त्याला उत्तर नाही.

नॅशनल कॉलेजपासून फार लांब नसलेल्या गवीपुरममध्ये गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. संक्रांतीच्या दुपारी, ऊन कलताना, सूर्याचे किरण नंदीच्या शिंगांमधून जाऊन पिंडीवर पडतात. हजारो लोक ते पाहायला जमतात. २०२१च्या संक्रांतीला आभाळ आले, किरण पोचले नाहीत आणि लगेच अशुभाची चर्चा सुरू झाली. देवाने काही कळवले, निदान कळवण्याचे नाकारले, असा अर्थ लोकांनी लावला. याच मंदिराचा एक अभ्यास २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी १७९२ साली काढलेली मंदिराची चित्रे अभ्यासकांनी आजच्या बांधणीशी ताडून पाहिली. त्या काळी बांधकाम कमी होते आणि गाभारा उजळण्याचे दिवस अयनांताचे होते. पुढे भिंती वाढल्या, दिवस बदलले. आज किरण जानेवारीच्या मध्याला येतात, तसेच नोव्हेंबरच्या अखेरीसही येतात.

म्हणजे तारीख माणसाच्या भिंतींनी ठरवली. याने मंदिराचे मोल तसूभरही कमी होत नाही. ज्या कोणी सूर्याची वाट ओळखून दगड रचले, त्यांनी आपले सगळे गणित देवाच्या पायाशी ठेवले. पण ते माणसाचे देवाशी बोलणे होते. आपण उच्चारलेल्या अर्ध्या संवादालाच आपण देवाचे उत्तर समजून बसतो, ही चूक इथे आहे.

आपल्या कोकणात आणि गोव्यात कौल लावतात तिथेही हेच घडते. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न आपला, पर्याय आपले, अर्थाचा संकेतही आपणच ठरवलेला. देवाच्या वाट्याला उरते ते फक्त पाकळी पाडणे. जमिनीचा तंटा किंवा मुलीचे लग्न अशा पाकळीवर सोपवले, की निर्णयाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मला खरा आक्षेप इथे आहे. पाकळी खोटी नसते. तिच्या आडून माणूस आपल्या उत्तरदायित्वातून सुटतो.

इतके खंडन केल्यावर बुद्धिवादी मित्र म्हणतील, मग झाले, देव बोलत नाही. इथे मी त्यांच्यासोबत नाही. प्रयोगशाळेत सापडले नाही म्हणून आतला आवाज म्हणजे केवळ मेंदूचा खेळ, हा निष्कर्ष घाईचा आहे. मित्राचे बोलणेही कानाच्या पडद्यावरूनच पोचते, म्हणून बोलणारा मित्र नव्हताच असे ठरत नाही. माध्यम मन आहे, एवढ्याने पाठवणारा नाही हे सिद्ध होत नाही. तो आहे हेही सिद्ध होत नाही, हे मान्य. कांटने १७९८ साली हाच पेच मांडला: देव खरोखर बोलला तरी तो देवच आहे हे माणसाला इंद्रियांनी कधी कळणार नाही. मात्र जो आवाज नीतीविरुद्ध वागायला सांगतो तो देवाचा नाही, एवढे नक्की कळेल, असेही त्याने म्हटले. आवाज कुठून आला यापेक्षा तो काय मागतो, हे पाहायला त्याने शिकवले.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. जमखंडीत जन्मलेला, निंबाळला देह ठेवणारा हा तत्त्वज्ञ मराठी आणि कन्नड दोन्ही संतपरंपरांत सारखाच रमला. १९३३ सालच्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’मध्ये त्यांनी साक्षात्काराच्या खरेपणाच्या कसोट्या सांगितल्या: अनुभव सार्वत्रिक आहे का, बुद्धीला स्पष्टता येते का, भावना शुद्ध होते का, आणि मुख्य म्हणजे चारित्र्य उंचावते का. मला या यादीत आणखी एक कसोटी घालावीशी वाटते. देवाचा शब्द ऐकणाऱ्यावर ओझे टाकतो. दुसऱ्यावर टाकत नाही.

तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे, की नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले. त्या आज्ञेने तुकोबांना काय मिळाले? ज्याचा अधिकार धर्ममार्तंड नाकारत होते ते काम, आणि त्यापायी झालेला छळ. स्वप्नाच्या बळावर त्यांनी कोणाकडून काही वसूल केले नाही. अभंग लोकांपुढे ठेवले, ज्याला पटतील त्याने घ्यावेत.

महात्मा गांधींच्या बाबतीत ही कसोटी दोन्ही बाजूंनी लागू पडते. १९३३च्या एप्रिलअखेर येरवड्याच्या तुरुंगात त्यांना रात्री आवाज ऐकू आला आणि ८ मेपासून त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर, आत्मशुद्धीसाठी २१ दिवसांचे उपोषण केले. पुरावा देता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले; पण साऱ्या जगाने विरोधात निकाल दिला तरी माझी खात्री ढळणार नाही, असेही सांगितले. त्या आवाजावर मी विश्वास ठेवतो, कारण त्याची किंमत त्यांनी आपल्या देहाने मोजली. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला. हजारो माणसे मेली. तेव्हा गांधी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू तोच, वक्ता तोच, तळमळही तितकीच खरी. पण आता देवाचा निरोप दुसऱ्यांच्या ढिगाऱ्याखालच्या प्रेतांवर वाचला जात होता, आणि त्या प्रेतांत अस्पृश्यही होते.

रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. निसर्गाच्या उत्पातांना नैतिक अर्थ जोडला तर अंधश्रद्धेलाच बळ मिळेल, असा त्यांचा मुद्दा होता. गांधींनी ते निवेदन आपल्या ‘हरिजन’मध्ये छापले, उत्तर दिले आणि मत बदलले नाही. या वादात माझे मत रवींद्रनाथांच्या बाजूने आहे, आणि ते येरवड्याच्या आवाजावरचा माझा विश्वास कायम ठेवून आहे.