पानावरील ठिपके आणि जमिनीची भूक

वसई तालुक्याच्या पूर्व भागात, शिरसाड, पारोळ, भाताणे या बाजूस, भाद्रपदात भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले की दोन गोष्टी बहुधा घडतात. बियाण्याच्या जातीला दोष दिला जातो, आणि दुकानातून बुरशीनाशक आणले जाते. कधी कधी दोन्ही योग्यच असते. परंतु ज्याच्याजवळ एकरभरच भातखाचरे आहेत, त्याला दरवर्षी असा अंदाजाने खर्च करणे परवडत नाही.

ठिपके एकाच प्रकारचे नसतात. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांस निमुळता व मध्यभागी राखी असतो. तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचा डाग तिळाच्या दाण्यासारखा लांबट-गोल असून त्याभोवती पिवळसर कडा असते. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखा रंग चढला व रोपे खुजी राहिली, तर ती बहुधा बुरशी नव्हे. जस्ताची उणीव होय. तेथे फवारलेले बुरशीनाशक वायाच जाते.

तपकिरी ठिपक्यांचा रोग मात्र बुरशीचाच असून तो बियाण्यातूनही येतो. तथापि पोटॅश, सिलिका, मँगेनीज यांची उणीव असलेल्या किंवा पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर तो विशेष बळावतो. १९४२ साली बंगालमध्ये या रोगाने भाताची मोठी हानी केली. पुढील वर्षीच्या भीषण दुष्काळामागे युद्धकालीन धोरणाचा दोष मोठा होता. पण या रोगाचाही त्यास हातभार लागला, असे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली मांडले.

जात बदलून रोग आटोक्यात येतो, हे खोटे नाही. सांगली-कोल्हापूरकडे सोयाबीनवरील तांबेऱ्यास तोंड देण्यासाठी फुले कल्याणी व फुले संगम या जाती उपयोगी पडल्या. तेथे रोग वाऱ्याबरोबर येतो आणि सशक्त पिकासही सोडत नाही, म्हणून जातीची निवड महत्त्वाची ठरते. भाताच्या तपकिरी ठिपक्यांबाबत तेवढ्याने भागत नाही. जमीन उपाशीच राहिली तर नव्या जातीवरही ते ठिपके येणारच.

आणि ती उपाशी का राहते? कोकणातील मुसळधार पाऊस काही अन्नद्रव्ये धुऊन नेतो, त्याला इलाज थोडाच. पण पिकाने घेतलेल्या पोटॅशपैकी सुमारे चार-पंचमांश भाग पेंढ्यात असतो आणि सिलिकाही पेंढ्यात व तुसात पुष्कळ असते. हा पेंढा विकला जाऊन तबेल्यांकडे जातो. हाती रोख रक्कम येते, हे खरे. घरखर्चाच्या तोंडावर ती नाकारा, असे कोणी सांगू नये. परंतु गाडीबरोबर शेताचे काय गेले, याचाही हिशेब धरला पाहिजे. केवळ युरिया टाकून ते भरून निघत नाही. उलट पीक लुसलुशीत होऊन करप्यास आमंत्रण मिळते.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतील पहिले सूत्र नेमके हेच आहे: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी व काही पेंढा खाचरात परत गाडावा. राखेला खर्च जवळजवळ नाही. गिरिपुष्पाचा पाला हे दुसरे सूत्र. तो बांधावर वाढविता येतो. पेरणीपूर्वी बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून, बुडवावे व तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. खालचे दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावेत.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणे सरसकट विकत घेण्याचा प्रघात वाढत आहे, तो इष्ट नाही. जमिनीत जस्त कमी असल्याचे दिसले तरच हेक्टरी वीस किलो झिंक सल्फेट द्यावे. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, मँगेनीज, तांबे व बोरॉन यांची नोंद असते. सिलिकेचा रकाना तीत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मातीचा नमुना कापणीनंतर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. ठिपके पडलेल्या व न पडलेल्या खाचरांचे नमुने निरनिराळे ठेवावेत. दोन्ही एकत्र मिसळले तर फरक कशाचा होता, ते कळणार नाही.