बिनआवाजाची झीज

चंदगडच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो तेव्हाची, २०११ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची गर्दी ओसरली होती. एक वडापवाला केबिनच्या दारात घुटमळत उभा राहिला. त्याला सगळा तालुका 'मामा' म्हणत असे, म्हणून मीही म्हणत असे. "या मामा, बसा," म्हटले, तरी तो बसला नाही. त्याने पिशवीतून तेलकट फडक्यात बांधलेले काहीतरी काढले आणि माझ्या टेबलाच्या काचेवर ठेवले. इंजिनातले चार व्हॉल्व्ह होते. छत्रीच्या दांड्यासारखे सरळ असायला हवेत ते, पण चारही वाकलेले होते.

"साहेब, आवाज न्हाई, धूर न्हाई, कायबी न्हाई. एकदम मुकी झाली गाडी," तो म्हणाला.

गाडी म्हणजे डिझेल व्हॅन. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी साडेतीन लाखांचे कर्ज मीच मंजूर केले होते. पाच वर्षांची मुदत आणि महिन्याला पावणेआठ हजारांच्या आसपास हप्ता. चंदगडहून पाटणे फाटा, शिनोळीवरून बेळगाव, असा त्याचा धंदा. आमच्या त्या टोकाच्या तालुक्याला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. दवाखाना, कापड, लग्नाचा बस्ता, गाडीचे सुटे भाग, सगळ्याला बेळगाव. एस.टी. होतीच, पण एस.टी.च्या दोन फेऱ्यांमधला वेळ वडाप भरून काढत असे. मामाचे हप्ते घड्याळासारखे येत होते.

त्या दिवशी तो वऱ्हाड घेऊन तिलारी घाटातून दोडामार्गला उतरत होता. ज्यांनी तो घाट पाहिला आहे त्यांना सांगायला नको. उतार तीव्र, वळणे आवळलेली आणि एका बाजूला खोल दरी. एका वळणाआधी इंजिनाने दगा दिला. मामाने ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा जेमतेम लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे घट्ट. अशा गाड्यांच्या ब्रेकला इंजिन चालू असताना व्हॅक्यूमची मदत मिळते. इंजिन मेले की साठलेली मदत दोन-तीन दाबांत संपते. त्यानंतर ब्रेक लागतो तो फक्त पायातल्या बळावर. मामाने हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली आणि दरडीला घासत उभी केली. नवऱ्या मुलाची आजी म्हणे त्याही स्थितीत म्हणाली, "अरे, मुहूर्त चुकेल की!" सगळे सुखरूप होते. तुटला होता तो फक्त एक रबरी पट्टा.

हा पट्टा काय करतो, ते मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. वाहनकर्जाच्या शेकडो कागदांवर मी सह्या केल्या होत्या; इंजिन उघडलेले एकदाही पाहिले नव्हते. संध्याकाळी मामाबरोबर गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी समजावले ते असे. इंजिनात खाली क्रँक फिरतो, तो दट्ट्यांना, म्हणजे पिस्टनना, वरखाली नाचवतो. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हा मेळ राखतो तो दातेरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट. पुष्कळ डिझेल गाड्यांत डिझेलचा पंपही तोच फिरवतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हने मिटून बाजूला व्हायचे असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी आवळायची की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटावे. म्हणून वर आलेल्या पिस्टनच्या डोक्यावर जागा उरते ती नखाएवढी. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो. टेबलावरचे चार वाकडे व्हॉल्व्ह त्याचाच पुरावा होते.

या पट्ट्याचे कूळ मोठे घरगुती आहे. दातेरी पट्टा अमेरिकेत १९४०च्या दशकात तयार झाला तो शिलाई यंत्रासाठी, वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ बसावा म्हणून. मोटारीच्या इंजिनात तो आला १९६२ साली, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या गाडीत. त्याआधी हे काम लोखंडी साखळी किंवा दातेरी चक्रे करीत. आजही मोठ्या ट्रकना चक्रे असतात, आणि एके काळी खेडोपाडी धावलेल्या टेम्पो ट्रॅक्सच्या मर्सिडीज वळणाच्या इंजिनात साखळी होती. साखळी सैल झाली की खडखडते, चक्रे झिजली की घरघरतात. पट्टा स्वस्त, हलका आणि शांत. त्याला तेल लागत नाही, उलट तेल लागले तर तो खराब होतो. पण शांतपणाचीही एक किंमत असते. साखळी बहुधा कुरकुरून मग तुटते. पट्टा बहुधा कुरकुरतही नाही.

मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी इंजिन फिरले तर तासाला क्रँकचे एक लाख वीस हजार फेरे होतात. पट्ट्याचा प्रत्येक दात तेवढा काळ ताण सोसतो. आतले काचतंतू थकतात, रबर उष्णतेने कडक होते. वरून मात्र पट्टा काळा कुळकुळीत दिसतो. शिवाय तो झाकणाआड असतो. पासिंगला गाडी नेली तर दिवे, ब्रेक, टायर, धूर बघतात. झाकण उघडून पट्टा कुणी बघत नाही. आणि बघितला तरी त्यावरून आयुष्य कळेलच असे नाही. म्हणून कंपन्या गाडीच्या पुस्तकात आकडा छापतात: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी येईल ते. हा आकडा गाडीगाडीत वेगळा असतो. मामाच्या गाडीच्या पुस्तकात साठ हजार होता. दोष कंपनीचा नव्हता. पुस्तक इंग्रजीत होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत, खणात, आरसीबुकाच्या खाली जपून ठेवलेले होते.

त्या रात्री मी घरी हिशेब मांडला. जुनी सवय. तुमच्या-आमच्या घरच्या गाडीला साठ हजार किलोमीटर व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. वडापची गाडी दिवसाला दोनशे किलोमीटर धावते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला साठ हजार. म्हणजे जो पट्टा आपण सहा वर्षांनी बदलायचा, तो मामाने दरवर्षी बदलायला हवा. पाच वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत चार वेळा तरी. त्याने दोन वर्षांत एकदाही बदलला नव्हता. दुप्पट वाटचाल करून तो पट्टा तुटला. खरे तर त्या पट्ट्याने उपकारच केले म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कर्जाची फाइल मागवली. प्रकल्प अहवाल होता, माझ्याच हाताखाली तयार झालेला. उत्पन्न, डिझेल, विमा, कर, टायर, घरखर्च. शेवटी एक ओळ: 'दुरुस्ती व किरकोळ.' तिच्यापुढचा आकडा, खोटे कशाला सांगू, हप्ता बसावा म्हणून उरलेल्या रकमेतून काढलेला होता. घसारा मात्र व्यवस्थित. भाड्याच्या गाड्यांवर आयकर खाते तीस टक्के घसारा मानते, आम्हीही मानला. घसारा म्हणजे कागदावरची झीज. तिच्यासाठी स्वतंत्र रकाना होता. गाडीत रोज होत असलेल्या खऱ्या झिजेसाठी रकाना नव्हता.

आणि ती झीज किती पैशांची? त्या काळी पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि मजुरी मिळून तीन हजार. साठ हजार किलोमीटरला तीन हजार, म्हणजे किलोमीटरला पाच पैसे. दिवसाला दहा रुपये. ते वाचले म्हणून हेडचे काम निघाले, पस्तीस हजारांचे. सुटे भाग बेळगावहून येईपर्यंत आणि पैसे जमेपर्यंत गाडी महिनाभर उभी. पाठोपाठ तीन हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादित होते. नियम तसाच आहे. नोटिशीवर सही माझीच होती. पुढे वरिष्ठांशी भांडून मी हप्त्यांची फेरआखणी करून घेतली आणि मामाने पै न पै फेडली. पण ती नोटीस माझ्या मनातून गेली नाही. मामाने पट्टा बदलला नाही ही चूक त्याची. पण मी तरी त्याला कधी विचारले होते? मी विमा विचारला, जामीनदार विचारला. पट्टा विचारला नाही.

'आपल्याकडे देखभालीची संस्कृतीच नाही,' असे म्हणायची एक फॅशन आहे. मला ते पटत नाही. चंदगडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल, तिथे कौलारू घर दरवर्षी मे महिन्यात शाकारत. गळत असो वा नसो. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. 'गेल्या वर्षी गळले नाही, यंदा राहू दे,' असे म्हणणाऱ्याला म्हातारी माणसे वेड्यात काढत. एस.टी.च्या आगारातही ठरावीक किलोमीटर झाले की गाडी डॉकिंगला जाते. बिघडली म्हणून नव्हे, आकडा भरला म्हणून. म्हणजे तारखेवर देखभाल करणे आपल्याला येते. पण पावसाची तारीख आभाळ सांगते. पट्ट्याची तारीख कुणीतरी लिहून ठेवावी लागते.

आणि तिचे पैसे कुणीतरी मोजावे लागतात. आपण प्रवासी भाडे ठरवताना फक्त डिझेल मोजतो. डिझेल महागले की दोन रुपये वाढवून देतो, कारण तो भाव रोज वर्तमानपत्रात येतो. पट्ट्याचा भाव येत नाही. मुलांच्या शाळेच्या व्हॅनचे तसेच. महाराष्ट्रात २०११ साली शालेय बससाठी वेगळे नियम झाले, ते योग्यच झाले. पण पालक म्हणून आपण काय करतो? मे महिन्याचे पैसे द्यायचे की नाही यावर व्हॅनवाल्या काकांशी तासभर घासाघीस करतो. गाड्यांची अशी कामे करायला हाच तर महिना मोकळा असतो! आपण कापलेले ते पैसे कुठल्या कामातून वजा होतात, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, किंवा ज्यांची मुले अशा गाडीतून जातात, त्यांच्यासाठी मिस्त्रींनी मला सांगितलेले चार शब्द. जुनी गाडी घेतली आणि पट्टा कधी बदलला ते ठाऊक नसेल, तर तो संपला आहे असे समजून आधी बदलावा. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि कप्पीही बदलावी. नव्या पट्ट्यावर जुनी बेअरिंग म्हणजे नव्या दोराला जुनी खुंटी. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही त्याच वेळी, मजुरी एकदाच पडते. खुणा जुळवल्यावर सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन पुरे फेरे फिरवून बघावे. आसपास तेल गळत असेल तर ते आधी थांबवावे. आणि बदलल्याची तारीख आणि किलोमीटर डोळ्यांसमोर राहील असे लिहावे, खणातल्या पिशवीत नव्हे.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी चंदगडला गेलो होतो. मामा अजून गाडी चालवतो, गाडी दुसरी आहे. बेळगाव स्टँडवरून त्याच्याच गाडीत बसलो. स्टिअरिंगच्या डावीकडे पांढऱ्या ऑइलपेंटने दोन ओळी लिहिल्या होत्या: पट्टा बदलल्याची तारीख आणि पुढचा आकडा. शेजारी देवाचा फोटो. मी तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आले.

"गेल्या म्हयन्यात बदलला साहेब. जुना चांगला हुता की अजून. तरी बदलला."

उतरताना त्याने सीटखालून तो जुना पट्टा काढून मला दिला. आता तो माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. नातू विचारतो, "आजोबा, हा कुठे तुटलाय?" मी त्याला सांगतो, कुठेच नाही. सगळे दात जागेवर आहेत, एक भेगही नाही. पुढच्या वेळी तुमचा व्हॅनवाला दोन रुपये जादा मागेल तेव्हा द्या, पण देताना त्याला एवढे जरूर विचारा, "दादा, पट्टा कधी बदलला?"