लिपी एक, म्हणून भाषा एक?

वाराणसी : मंगोलियन आणि सर्बियन या दोन भाषांचा एकत्र विचार सहसा कोणी करत नाही. त्या शेजारी ठेवण्याचे निमित्त एकच, दोन्ही सिरिलिक लिपीत लिहिल्या जातात. उलानबाटर आणि बेलग्रेड येथील सरकारी पाट्या पाहणाऱ्या परक्याला त्या एकाच घराण्यातल्या वाटाव्यात. प्रत्यक्षात सर्बियन ही स्लाव्ह शाखेतील, म्हणजे संस्कृतची दूरची चुलत बहीण. तिचे 'द्वा, त्री, चेतिरी' हे अंक मराठी कानाला परके वाटत नाहीत. तिला तीन लिंगे आहेत, सात विभक्ती आहेत आणि संबोधनही शाबूत आहे. मंगोलियनला व्याकरणातला लिंगभेदच ठाऊक नाही. शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जाणे आणि क्रियापद शेवटी ठेवणे हा तिचा स्वभाव. 'बी गेरते यावना' म्हणजे 'मी घरी जातो'. शब्दांचा क्रम थेट आपला. ('गेर' आणि 'घर' यांतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. त्यावरून कोणी चेंगीझखानाचे गोत्र शोधायला निघू नये.)

म्हणजे मराठीचे कुळाचे दूरचे नाते सर्बियनशी आणि वाक्याचे वळण मंगोलियनसारखे. या दोघींचे परस्परांशी मात्र लिपीपलीकडे काही नाते नाही. ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता आली असती. परंतु २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा जो वाद पेटला, त्यात 'लिपी एकच आहे, मग मुलांना अवघड काय?' हा युक्तिवाद सर्रास ऐकू आला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती, हा घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादातील राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. या युक्तिवादाची तपासणी मात्र फारशी कोणी केली नाही.

हिंदी आणि मराठी या सख्ख्या नात्यातल्या भाषा आहेत, यात शंका नाही. तथापि गुजरातीही तितकीच जवळची आहे. किंबहुना मराठीप्रमाणे तिला तीन लिंगे आहेत आणि 'ळ'ही आहे, जो प्रमाण हिंदीला नाही. तरीही गुजराती सोपी म्हणून ती पहिलीला शिकवा, असे मंत्रालयात कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. जवळीक मोजण्याचे माप भाषा नसून अक्षर आहे, हे यातून उघड होते. आणि अक्षर कोणते चालेल, हे बहुधा राज्यकर्ते ठरवतात.

१९४१ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मॉस्कोच्या छायेतील मंगोलियाने त्या वर्षी सिरिलिक स्वीकारण्याचा निर्णय घेतला आणि चेंगीझखानाच्या काळापासून चालत आलेली उभी लिपी कालांतराने दप्तराबाहेर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाग्रेब येथे नाझींच्या आश्रयाने स्थापन झालेल्या क्रोएशियाच्या राजवटीने सिरिलिकवर बंदी घातली, कारण ती सर्बांची लिपी. एकच लिपी एका राजधानीत सक्तीची, दुसऱ्या राजधानीत गुन्हा! सर्ब आणि क्रोएट एकमेकांचे बोलणे विनासायास समजतात. पण २०१३ मध्ये वुकोवार शहरात सिरिलिक पाट्या लागताच लोकांनी त्या हातोड्यांनी फोडल्या. मंगोलियाने लोकशाही आल्यानंतर उभी लिपी परत आणण्याचा बेत केला, तो गेल्या शतकाअखेर फसला. मग २०१५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कामकाज दोन्ही लिप्यांत करण्याचे ठरले. मोडण्यास एक फर्मान पुरले. जोडण्यास तीन पिढ्याही अपुऱ्या पडत आहेत.

आता काशीकडे येऊ, कारण नागरीच्या आजच्या वर्चस्वाचा मोठा भाग याच गावात घडला. क्वीन्स कॉलेजातील श्यामसुंदर दास प्रभृती विद्यार्थ्यांनी १८९३ मध्ये येथे नागरी प्रचारिणी सभा स्थापन केली. सात वर्षांत, एप्रिल १९०० मध्ये, प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅक्डॉनेल यांनी न्यायालयांत नागरीला परवानगी दिली. हा विजय फारसी लिपीवरचा म्हणून सांगितला जातो. त्याच काळात कैथी मागे पडली, हे क्वचितच सांगितले जाते. कारकून आणि सावकार यांच्या रोजच्या हाताखालची ही लिपी नागरीच्या प्रतिष्ठेपुढे टिकली नाही. आमच्या मोडीचेही तेच झाले. पेशवाईत काशीहून पुण्याला जाणारा पत्रव्यवहार मोडीत होई, पोथी बाळबोधीत. छापखाना आला, शाळा आल्या आणि मोडीची गरज संपल्याचे जाहीर झाले. ती संपली नव्हती, हे २०२३ साली कळले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना मोडी वाचणारे शोधावे लागले. एका समाजाच्या आरक्षणाचा प्रश्न न वाचता येणाऱ्या अक्षरांवर येऊन ठेपला होता.

काशीचे मराठीपण हा या विषयाचा अधिक नाजूक भाग. नाथांनी भागवताची मराठी टीका १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केली. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट येथले. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाईंनी पुन्हा उभारलेले विश्वनाथ मंदिर ही यादी प्रत्येक यात्रेकरूला पाठ असते. त्यापुढचे नाव मात्र यादीत नसते : बाबूराव विष्णु पराडकर. १८८३ मध्ये येथेच मराठी घरात जन्मलेले पराडकर 'आज'चे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेची भाषा त्यांनी घडवली. त्यांचा अभिमान वाटावा यात गैर काही नाही. पण एक प्रश्न उरतोच. लिपी वेगळी असती, तर हा प्रवास इतका सुकर झाला असता काय?

माझे मत असे की समान लिपी परप्रांतातील मराठी कुटुंबाला आधार देत नाही, ती त्याला बेसावध करते. दिल्लीतील तमिळ अधिकाऱ्याला ठाऊक असते की शिकवल्याशिवाय मुलाला तमिळ अक्षर ओळखता येणार नाही. म्हणून तो शिकवणी लावतो, शाळा काढतो. मराठी अधिकारी निश्चिंत असतो, कारण मुलगा घरातले मराठी वृत्तपत्र घडाघडा वाचून दाखवतो. तो काय वाचतो, हे ऐकावे. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च' तो एकच उच्चारतो, 'जहाज'मधला 'ज' हिंदीच्या वळणाने म्हणतो आणि 'ळ'च्या जागी बेमालूम 'ल' बसवतो. सर्बियन भाषेचे सुधारक वुक काराजिच यांनी १८१८ च्या आपल्या कोशात प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र अक्षर दिले. 'त्स' आणि 'च' तेथे वेगळे आहेत. आपण 'च'चे दोन उच्चार कानावर सोपवले आणि कान हिंदीच्या शेजारी वाढला. जे दिल्लीत होते तेच सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत लातुरात किंवा पालघरात होणार नाही, असे मानण्यास आधार कोणता? एकाच अक्षराची दोन मूल्ये एकाच वर्षी शिकवणे सोपे असते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

घटनाकारांनी ही गल्लत केली नव्हती. अनुच्छेद २९ मध्ये वेगळी 'भाषा, लिपी किंवा संस्कृती' जपण्याचा हक्क दिला आहे. तिन्ही शब्द वेगवेगळे, मध्ये 'किंवा'. अनुच्छेद ३४३ मध्येही हिंदी आणि देवनागरी यांचा उल्लेख स्वतंत्र आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे, आणि तेथे लिपीचा शब्दही नाही. दिल्ली असो वा वाराणसी, मराठी मुलांसाठी या अनुच्छेदाचा आधार घेऊन मागणी झाल्याचे माझ्या इतक्या वर्षांच्या वार्तांकनात आढळले नाही. महाराष्ट्राचे अठ्ठेचाळीस खासदार लोकसभेत बसतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा श्रेयासाठी त्यांच्यात चढाओढ लागली होती. त्यांपैकी एकाने ३५०-क खाली एखादा तारांकित प्रश्न टाकावा. उत्तरात मंत्री काय सांगतात, याची पत्रकार कक्षात बसणाऱ्यांना उत्सुकता आहे.