पडदा काळा, पण कॉम्प्युटर जिवंत!

बंगळूरच्या हेब्बाळमधलं एखादं मराठी घर डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे अकरा वाजलेत. इंजिनियरिंगला असलेल्या मुलीला सकाळी प्रोजेक्ट द्यायचाय. कॉम्प्युटर जुना, त्यावर लिनक्स. चित्रांचा एक प्रोग्राम चालता चालता कोलमडतो आणि पडदा काळाठिक्कर! माऊस दिसेना, काही केल्या काही होईना. वडील सरळ भिंतीवरच्या बटणाकडे हात नेतात. ‘‘बाबा, थांबा!’’ मुलगी ओरडते.

तिचं बरोबर आहे. आपण ‘सेव्ह’ केलेला मजकूरही कॉम्प्युटर थोडा वेळ मेमरीत राखून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. त्याआधीच वीज तोडली, तर तो मजकूर जाऊ शकतो. शिवाय फायलींची घडी विस्कटण्याचा धोका वेगळाच.

मग पडदा काळा का झाला? आयबीएमने 1987 मध्ये आणलेल्या व्हीजीएमध्ये अक्षरं दाखवण्याची पद्धत वेगळी आणि चित्रांची वेगळी. अक्षरांच्या पद्धतीत पडद्यावर 80 अक्षरांच्या 25 ओळी मावत. लिनक्सवरचे जुने ग्राफिक्स प्रोग्राम व्हिडिओ कार्डाला थेट हुकूम देत. काम संपल्यावर कार्ड पूर्ववत करणं ही जबाबदारीही त्यांचीच. प्रोग्राम मध्येच कोसळला, तर कार्ड चित्रांच्या पद्धतीतच अडकून पडे. आत सगळं सुरळीत, बाहेर अंधार! 2009 पासून लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हे काम हळूहळू आपल्या हाती घेतलं. सुटका सोपी झाली, पण तिढा अजून पुरता संपलेला नाही.

हेब्बाळचा उड्डाणपूल वाहनांनी तुंबला, म्हणून काही सगळं गाव बंद पडत नाही. इथेही तसंच. चित्रांचा पूल तुंबला, तरी अक्षरांचा रस्ता खालून मोकळा असतो. त्यालाच ‘टेक्स्ट कन्सोल’ म्हणतात.

या रस्त्यावर उतरायचं कसं? कंट्रोल आणि ऑल्ट दाबून ठेवा आणि एफ3 दाबा. बहुधा नाव विचारणारी ओळ दिसेल. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका. मग ‘टॉप’ ही आज्ञा देऊन अडलेला प्रोग्राम शोधा, त्याचा क्रमांक टिपून घ्या. क्यू दाबून बाहेर या आणि ‘किल’ लिहून पुढे तो क्रमांक द्या. तेवढाच प्रोग्राम बंद होईल, इतर कामं वाचतील. परत चित्रांकडे जायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ1, एफ2 किंवा एफ7.

कीबोर्डच दाद देत नसेल, तर ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट दाबून ठेवून आर दाबा. सिस-रिक्वेस्ट ही कळ बहुधा प्रिंट स्क्रीनवरच असते. यामुळे कीबोर्ड ग्राफिक्सच्या तावडीतून सुटतो. मग पुन्हा एफ3 चा प्रयोग करा. कन्सोलवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली, तर ‘रीसेट’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द न बघता टाइप करून एंटर दाबा.

सगळे उपाय थकले, तरी बटणाकडे धावू नका. ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्टसोबत आधी एस, थोडं थांबून यू आणि शेवटी बी दाबा. एसने मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, यूने डिस्कवरचं लिखाण थांबतं आणि बीने कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो. काही कॉम्प्युटरवर ही सोय बंद ठेवलेली असते, म्हणून वेळ येण्याआधीच तपासून घ्या.

घरात विंडोज 10 किंवा 11 असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहा. काळा पडदा पुष्कळदा उजळतो.

कोसळलेल्या प्रोग्राममध्ये सेव्ह न केलेलं काम मात्र सहसा परत मिळत नाही. त्यावर औषध एकच, दर थोड्या वेळाने सेव्ह करणं. आणि वरच्या कळा एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. पडदा काळा पडल्यावर त्या वाचायच्या कुठून?