पात्रता पायांची की पाकिटाची?

सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवरची डोंगरी शर्यत पुरी करून माझा भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या पायांची नखे काळीनिळी पडली होती आणि चेहरा मात्र बारावीच्या निकालादिवशीही नव्हता इतका खुलला होता. जेवता जेवता म्हणाला, "मामा, आता मोँ ब्लां!" मी विचारले, "मग नाव कधी नोंदवतोस?" तो हसला. "तसे नसते. आधी दगड लागतो, आणि तो आपल्याकडच्या शर्यतीत मिळत नाही."

सह्याद्रीत दगड मिळत नाही, हे ऐकून माझ्या बहिणीला हसूच आवरेना. मला मात्र हे प्रकरण समजून घ्यावेसे वाटले.

फ्रान्समधल्या शामोनी गावातून निघून, इटली आणि स्वित्झर्लंडमधून मोँ ब्लां पर्वताला वळसा घालत पुन्हा शामोनीला यायचे, अशी ही शर्यत. अंतर सुमारे 170 किलोमीटर, एकूण चढण 10,000 मीटरच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहूनही जास्त, आणि वेळ साडेसेहेचाळीस तास. 2003 साली पहिल्यांदा सातशेच्या आसपास माणसे निघाली, त्यातली 67 पोहोचली. पुढे गर्दी वाढली आणि आधी दुसऱ्या डोंगरी शर्यती पुऱ्या करून गुण मिळवण्याची अट आली. इथवर तक्रारीला जागा नाही. रात्री, पावसात, अनोळखी खिंडीत माणूस कोसळला, तर त्याला शोधायला दुसऱ्या कुणाला तरी जीव धोक्यात घालावा लागतो.

मग 2021 मध्ये 'आयर्नमॅन' शर्यतींचा समूह भागीदार झाला आणि 2022 पासून जगभरातल्या शर्यतींची एक मालिका सुरू झाली. या मालिकेतली शर्यत पुरी केली की 'दगड' मिळतात: वीस किलोमीटर गटाला एक, पन्नासला दोन, शंभरला तीन, शंभर मैलांना चार. मालिकेतल्या मोजक्या मोठ्या शर्यतींत दुप्पट. निदान एक दगड असल्याशिवाय सोडतीत नाव जात नाही, आणि जितके दगड तितक्या चिठ्ठ्या. अव्वल धावपटूंची सोय वेगळी आहे; मी बोलतो आहे ते बाकीच्यांबद्दल. मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यात भारतातली एकही शर्यत नव्हती. भाच्याने थायलंडमधल्या चियांग माईच्या शर्यतीचा हिशेब मांडला होता: विमान, मुक्काम, प्रवेश शुल्क. आणि एवढे करून हाती काय, तर मूठभर चिठ्ठ्या.

माझा आक्षेप सोडतीला नाही. वाट अरुंद, डोंगर नाजूक; कुणाला तरी 'नाही' म्हणावेच लागणार. पण इथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. हा माणूस डोंगरात निभावून नेईल का, हा पहिला. निभावून नेणाऱ्यांतून कुणाला घ्यायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तोरण्याचा चढही देऊ शकतो. दगड देतो ते दुसऱ्याचे, आणि ते बरेचसे पैशाच्या भाषेत. वीस किलोमीटर धावून मिळालेला दगड शंभर मैलांची तयारी दाखवतो, असे कोण म्हणेल? आपल्याकडच्या पालकांना डोनेशनची कल्पना निराळी समजावून सांगायला नको.

दुसरीकडे कॅलिफोर्नियातली 'वेस्टर्न स्टेट्स' पाहा. घोड्यांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत 1974 साली गॉर्डी एन्स्ले नावाचा गडी घोड्याविना धावला आणि 24 तासांच्या आत पोहोचला, तिथून ती परंपरा. संरक्षित वनातून वाट जात असल्याने जागा 369. ठरलेल्या यादीतली लांब पल्ल्याची शर्यत वेळेत पुरी करायची. सोडतीत नाव आले नाही, तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या दुप्पट: एक, दोन, चार, आठ. इथेही दरवर्षी पात्र ठरण्याचा खर्च आहेच. पण पारडे जड होते ते धीराने. कुणी आधी आपल्याच मालिकेत गिऱ्हाईक व्हावे, अशी अट नाही.

कोलोरॅडोतली 'हार्डरॉक' तर याहून करारी. सिल्व्हर्टन गावापासूनची ही शंभर मैलांची वाट चौदा हजार फुटांच्या वर जाते. मोँ ब्लांसाठी गुण देण्याचा अधिकार हवा तर आयोजकांनी शुल्क भरावे, अशी पद्धत 2015-16 च्या सुमारास होती. हार्डरॉकने ते भरायला नकार दिला आणि जगातली एक महाकठीण शर्यत मोँ ब्लांच्या लेखी बिनगुणांची ठरली! डोंगर तेवढाच उंच होता. पावती तेवढी नव्हती.

कुणी म्हणेल, शिक्का हवाच, नाहीतर जीव जातात. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारठ्याने आणि वादळी वाऱ्याने 172 पैकी 21 धावपटू दगावले. पण त्यात लियांग जिंग हा चीनमधला नावाजलेला धावपटूही होता. तिथे उणीव धावणाऱ्यांच्या पात्रतेची नव्हती. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट सक्तीचे नव्हते, आणि उंचावरच्या त्या अवघड टप्प्यात मदत पोहोचायला वाट नव्हती. शर्यतीची पारख करायची तर ती अशी व्हावी: चढ किती, रात्री वाटेवर माणसे किती, वैद्यकीय पथक कुठे. या कसोटीला उतरलेली शर्यत पुण्याजवळची असो की पेरूमधली, ती मोजली जावी. मालिकेत असणे-नसणे ही आयोजकांची व्यापारी सोय झाली. तिला पात्रता म्हणू नये.

हे सारे मी भाच्याला ऐकवले. तो शांतपणे मोजे धूत होता. म्हणाला, "मामा, तुमचे पटते, पण चिठ्ठी त्यांच्याच डब्यात टाकायची आहे ना?"

थायलंडच्या तिकिटाचे अजून ठरलेले नाही. बहिणीने बँकेची पासबुके काढून पाहिली आणि पुन्हा कपाटात ठेवली. तो मात्र दर रविवारी पहाटे चारला उठून सिंहगडाच्या पायथ्याशी असतो.